डॉ. कमला सोहोनी : प्रयोगशाळेतून गर्भवतीच्या ताटाकडे

'डॉक्टर' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. एक डॉक्टर नाडी पाहतो, औषध लिहून देतो. त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. दुसरा डॉक्टर विद्यापीठाचा. तो एखादा प्रश्न घेऊन वर्षानुवर्षे प्रयोगशाळेत किंवा ग्रंथालयात बसतो, जे काही उत्तर हाती येईल ते प्रबंधाच्या रूपाने जाणकारांपुढे ठेवतो, आणि त्यांना ते पटले म्हणजे विद्यापीठ त्याला ही पदवी देते. या दुसऱ्या डॉक्टरविषयी आपल्या समाजात कौतुक थोडे आणि थट्टा पुष्कळ. औषध न देणारा डॉक्टर काय कामाचा, असे सिल्वासाच्या बाजारात कोणीही सहज विचारील. विज्ञान शाखेतील मुलींना पुढे काय होणार असे आम्ही शिक्षक विचारतो, तेव्हा परिचारिका किंवा डॉक्टर, तोही पहिल्या प्रकारचा, हेच उत्तर येते. गर्भवती स्त्रीचे रक्त का कमी होते आणि तिने काय खावे, याची उत्तरे शोधण्यात कधीही बाळंतपण न केलेल्या, परीक्षानळी हाती धरलेल्या स्त्रियांचा मोठा वाटा आहे, हे त्या मुलींना कोणी सांगितलेले नसते. आज अशा एका मराठी विदुषीचा अभ्यासमार्ग आपणांस सांगावयाचा आहे.

तत्पूर्वी तो रक्ताचा प्रश्न थोडा समजून घेऊ.

घरी अवचित पाहुणे आले की गृहिणी आमटीत पाणी वाढवते. आमटी सर्वांना पुरते, पण पातळ होते. गर्भारपणी शरीर काहीसे असेच करते. गर्भाला व वारेला रक्त पुरवावयाचे असते, म्हणून रक्तातील पातळ द्रव जवळजवळ निम्म्याने वाढतो. तांबड्या पेशीही वाढतात, पण त्या मानाने कमी. त्यामुळे रक्त काहीसे पातळ होणे हे निसर्गाला धरूनच आहे. तथापि शंभर मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातील तांबडे द्रव्य, अकरा ग्रॅमच्या खाली उतरले की त्याला रक्तक्षय म्हणतात. मग चालताना धाप लागते, पाय गळून जातात, मूल कमी वजनाचे होण्याचे भय वाढते, आणि बाळंतपणात थोडा अधिक रक्तस्राव झाला तरी तो जिवावर बेततो. संपूर्ण गर्भारपणात स्त्रीला लागणारे जादा लोह सुमारे एक हजार मिलिग्रॅम, म्हणजे अवघा एक ग्रॅम असते. सोनाराच्या तराजूत हे वजन जेमतेम जाणवेल. परंतु भात, पातळ वरण आणि मिरची एवढ्यावर दिवस काढणाऱ्या बाईच्या ताटातून तेवढे मिळत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील ५२.२ टक्के गर्भवती स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. दर दोघींमागे एक!

आपल्या हवेलीत या प्रश्नाला आणखी एक पीळ आहे. येथील आदिवासी समाजात सिकलसेल हा आनुवंशिक विकार आढळतो. त्यात तांबड्या पेशीचा आकार विळ्यासारखा होतो व ती लवकर फुटते. हा दोष आईबापांकडून येतो. नुसते लोह देऊन तो जात नाही. म्हणून गर्भवतीच्या रक्ताची तपासणी करताना ही परीक्षाही करून घ्यावी लागते.

गर्भवतीच्या रक्तक्षयाच्या संशोधनाचा एक महत्त्वाचा धागा आपल्या मुंबईतच सापडला. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. केंब्रिजच्या न्यूनॅम कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र शिकून परीक्षा दिल्या होत्या. पण त्या काळी केंब्रिज स्त्रियांना परीक्षेस बसू देई, पदवी मात्र देत नसे. पुढे त्या लंडनला वैद्यक शिकल्या. परळच्या हाफकिन संस्थेत राहून त्यांनी मातामृत्यूच्या चौकशीचे काम हाती घेतले. गिरणीत काम करणाऱ्या गरीब गर्भवती बायकांत एक निराळाच रक्तक्षय त्यांना दिसला. या बायकांच्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने वाजवीपेक्षा मोठ्या असत. कारण शोधताना विल्सबाईंनी या बायका काय खातात हे पाहिले. ज्यांच्या जेवणात भाजीपाला, फळे व प्रथिने नाहीत, त्यांच्यातच हा रोग अधिक. मग निलगिरीतील कुन्नूरच्या प्रयोगशाळेत त्यांनी जनावरांना तसाच निकृष्ट आहार देऊन पाहिला. माकडांना तसाच रक्तक्षय झाला आणि यीस्टचा अर्क, जो बाजारात मार्माइट या नावाने स्वस्तात मिळे, तो चारल्यावर ती सुधारली. बायकांनाही त्याचा गुण आला. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कात नेमके काय होते हे पुढे दहा वर्षांनी कळू लागले. १९४१ साली अमेरिकेत काही टन पालक उकडून, गाळून जे जीवनसत्त्व वेगळे काढले त्याला पानावरून फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले; लॅटिन भाषेत पानाला फोलियम म्हणतात. ते कृत्रिम रीतीने तयार करणाऱ्या अमेरिकेतील चमूचे पुढारी आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते.

ज्या सुमारास विल्सबाई भारतातील काम आटोपत होत्या, त्याच सुमारास मुंबईची एक बावीस वर्षांची मुलगी बंगलोरच्या विज्ञानसंस्थेचे दार ठोठावीत होती. तिचे नाव कमला भागवत. जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव, दोघेही त्याच बंगलोरच्या संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. लोकसाहित्याच्या अभ्यासक म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेल्या दुर्गाबाई भागवत या तिच्या वडील बहीण. १९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिल्या आल्या आणि घरच्या परंपरेप्रमाणे त्यांनी बंगलोरला अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. तीनच वर्षांपूर्वी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच : अर्जदार मुलगी होती.

येथे बहुतेक घरांत विषय संपला असता. कमलाबाई मात्र बंगलोरला गेल्या आणि संचालकांपुढे उभ्या राहून त्यांनी कारण विचारले. प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रह करीन, असेही त्यांनी बजावले. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थी म्हणून गणना होणार नाही. मार्गदर्शक सांगतील तर रात्रीही काम करावे लागेल. प्रयोगशाळेतील वातावरण बिघडवावयाचे नाही. ही तिसरी अट वाचून आजही राग येतो. रामन यांच्या थोरवीला उणेपणा न आणता असे म्हणावेसे वाटते की प्रकाशाचे किरण ओळखणाऱ्या त्या डोळ्यांना समोरची मुलगी ओळखता आली नाही. कमलाबाईंनी तो अपमान म्हातारपणीही विसरला नव्हता. त्या तो चारचौघांत उघडपणे बोलून दाखवीत. वर्षभराने रामन यांची खात्री पटली, आणि त्यानंतर संस्थेने इतर मुलींनाही प्रवेश देण्यास आरंभ केला.

बंगलोरला त्यांचे गुरू होते श्री. श्रीनिवासय्या. शिस्त कडक, पण शिकवण्यात हात आखडता नाही. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. विषय केवढा घरगुती! १९३६ साली त्यांना एम.एस्सी. ही पदवी मिळाली व १९३७ च्या अखेरीस त्या केंब्रिजला पोचल्या. ल्यूसी विल्स जेथे शिकल्या होत्या त्याच न्यूनॅम कॉलेजात त्या दाखल झाल्या. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळवणारे सर फ्रेडरिक हॉपकिन्स तेथील जीवरसायन विभागाचे प्रमुख होते. प्रयोगशाळेत जागा नव्हती. तेव्हा डेरेक रिश्टर या संशोधकाने आपलेच टेबल दिवसा त्यांना देऊ केले आणि स्वतः रात्री काम करण्याचे ठरवले. पुढे रिश्टर अन्यत्र गेल्यावर रॉबिन हिल यांच्याबरोबर त्या वनस्पतींच्या पेशींवर काम करू लागल्या.

त्यांचा प्रबंध झाला तो बटाट्यावरून. बटाट्याच्या पेशीत त्यांना सायटोक्रोम सी हे द्रव्य आढळले आणि वनस्पतीच्या श्वसनक्रियेत त्याचा वाटा आहे असे त्यांनी दाखवून दिले. आता, बटाट्याचा गर्भवतीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा : आपण खाल्लेल्या अन्नाचे प्राणवायूच्या साहाय्याने शक्तीत रूपांतर होते, ते एका दमात होत नाही. आग विझवताना माणसे रांगेने उभी राहून बादली हातोहात पुढे देतात, तशी पेशीमध्ये द्रव्यांची रांग असते, आणि सायटोक्रोम हा त्या रांगेतील एक गडी. त्याच्या पोटात लोहाचा एक अणू असतो. रक्तातील हिमोग्लोबिनमध्येही लोह तशाच घडणीच्या कोंदणात बसवलेले असते. बटाटा आणि माणसाचे रक्त यांच्यात असे दूरचे नाते आहे. लोहाची उणीव झालेली बाई नुसती फिकट दिसत नाही, ती थकते. कारण रक्ताबरोबर पेशीतील ही रांगही दुबळी होते. मूलभूत संशोधन म्हणतात ते हेच. त्याचा उपयोग कोठे निघेल हे करणाऱ्याला ठाऊक नसते आणि विचारणाऱ्यालाही दिसत नाही.

तो प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. आजकाल प्रबंध वजनावर मोजण्याची जी रीत पडली आहे, तिच्या पुरस्कर्त्यांनी ही पानांची संख्या ध्यानात ठेवावी. दोन वर्षांच्या आत काम संपवून १९३९ साली कमलाबाई मायदेशी परतल्या. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या आरंभीच्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

परतल्यावर दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात त्या जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या आणि नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक. ल्यूसी विल्स यांनी ज्या कुन्नूरला जनावरांवर आहाराचे प्रयोग केले होते, तेच हे गाव. केंब्रिज, कुन्नूर आणि मुंबई ही तीन स्थळे दोघींच्याही आयुष्यात आहेत. १९४७ साली श्री. माधव सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर कमलाबाई मुंबईस आल्या व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नव्याने निघालेला जीवरसायन विभाग त्यांनी उभा केला.

या विभागात त्यांनी विद्यार्थ्यांना जे विषय दिले ते पाहिले म्हणजे त्यांच्या मनाचा कल कळतो. गरीब माणूस रोज खातो ते अन्न त्यांनी प्रयोगशाळेच्या टेबलावर आणले. उदाहरणार्थ वाल. आपल्याकडे भातकापणी झाली की त्याच शेतात वाल टाकतात, आणि दक्षिण गुजरातपासून कोकणापर्यंत वालाचे बिरडे आवडीने खातात. कच्च्या वालात व इतर काही कडधान्यांत असे एक द्रव्य असते की ते पोटातील प्रथिन पचवणाऱ्या ट्रिप्सिन नावाच्या रसाला अडवून धरते. १९५४ पासून कमलाबाई व त्यांचे विद्यार्थी यांनी भारतीय अन्नपदार्थांतील या अडथळ्याचा कसून अभ्यास केला. चांगले शिजवले म्हणजे त्याचा जोर बहुतांशी मोडतो. वाल रात्रभर भिजत घालून, मोड आणून, सोलून, मऊ शिजवण्याचा आपल्या आज्यांचा खटाटोप उगाच नव्हता. ज्या गर्भवतीला मांस, मासे, दूध रोज परवडत नाही, तिचे प्रथिन अशा कडधान्यातूनच यावयाचे; ते नुसते पोटात जाऊन भागत नाही, पचावे लागते.

परंतु त्यांचे नाव झाले ते नीरेच्या संशोधनाने. नीरा म्हणजे काय हे हवेलीतील माणसाला सांगावयास नको. ताडाच्या आणि शिंदीच्या झाडांखालीच आपण वाढलो. तरी शहरातील श्रोत्यांसाठी सांगतो. झाडाला छेद देऊन रात्रभर मडक्यात जमलेला गोड रस पहाटे उतरवला की ती नीरा. तिला ऊन लागले, हवेतील यीस्टने तिच्यातील साखरेवर काम सुरू केले की काही तासांत तीच ताडी होते. हे आंबणे रोखण्यासाठी मडक्याला आतून चुन्याचा हात देतात. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला, तेव्हा ताडी गेली. पण झाडे होती आणि ती चढणारे हातही होते. त्यामुळे नीरा व ताडगूळ यांना महत्त्व आले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी या रसाचा शास्त्रीय अभ्यास करण्याचे सुचवले आणि कमलाबाईंनी ते काम घेतले.

त्यांच्या पृथक्करणात नीरेमध्ये अ व क जीवनसत्त्वे आणि लोह आढळले, आणि रस आटवून त्याचा गूळ वा काकवी केली तरी ही द्रव्ये टिकून राहतात असेही दिसून आले. मग कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश करून पाहण्यात आला, तेव्हा त्यांच्या प्रकृतीत चांगली सुधारणा आढळली. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. दुधातील प्रथिनांपासून बटाट्याच्या पेशीकडे आणि तेथून ताडाच्या शेंड्याकडे, असा हा मार्ग गर्भवती आदिवासी स्त्रीच्या दारी येऊन पोचला. पंचवीस वर्षांपूर्वी बंगलोरच्या दारात उभ्या राहिलेल्या मुलीला तो आधी आखता आला असता का? मला तसे वाटत नाही.

यावर दोन शब्द सावधगिरीचे सांगणे आवश्यक आहे, विशेषतः आपल्या भागात. नीरा पौष्टिक म्हणून ताडीही पौष्टिक, असा तर्क पुष्कळ जण सोयीने करतात. तो चूक आहे. आंबलेल्या रसात मद्य असते आणि गर्भावस्थेत मद्य गर्भाला अपायकारक आहे. त्याची थोडीशी मात्राही निर्धोक मानत नाहीत. ज्या गर्भवतीला मधुमेह आहे, तिला नीरेतील साखरही सोसवणार नाही. शिवाय उघड्या मडक्यातील कच्चा रस वटवाघळे उष्टावतात, आणि बांगलादेशात शिंदीच्या अशा रसातून निपाह विषाणूची बाधा झालेली आहे; तेव्हा मडके झाकलेले हवे. नीरा हे अन्न आहे, औषध नव्हे. रक्तक्षय झालेल्या बाईला नीरा पाजून तिची गोळी बंद करणे हा कमलाबाईंच्या संशोधनाचा अर्थ नाही.

त्या गोळीविषयीही बोलले पाहिजे. सरकारी दवाखान्यात गर्भवतीला मिळणाऱ्या तांबड्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. ती निदान १८० दिवस घ्यावयाची. म्हणजे लोहाबरोबर ल्यूसी विल्स यांचे संशोधनही त्या गोळीत आहे. फॉलिक ॲसिड केवळ रक्त घडवत नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने दाखवून दिले की, ज्या मातांना पूर्वी मज्जारज्जूचा दोष असलेले मूल झाले होते, त्यांनी गर्भ राहण्याच्या आधीपासून ते घेतल्यास हा दोष पुन्हा होण्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटते. गर्भाची मज्जानलिका चौथ्या आठवड्यातच मिटते, म्हणजे पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचे कळण्यापूर्वीच. इतकी गुणकारी गोळी घरोघरी फळीवर पडून राहते. मळमळते, शौच काळे होते, मूल पोटात फार मोठे होऊन बाळंतपण अडेल, अशी कारणे सासूबाई देतात आणि सूनबाई मान डोलावते. मळमळ होते हे खरे. ती जेवणानंतर किंवा रात्री गोळी घेतल्यास कमी होते. शौच काळे होते हेही खरे, पण त्यात भय नाही. तिसऱ्या कारणात मात्र तथ्य नाही. गोळीबरोबर चहा घेऊ नये, तो लोह अडवतो; लिंबू पिळून घ्यावे, ते लोह आत घेण्यास मदत करते.

आपल्या मुलीने या वाटेने जावे असे कोणा पालकांना वाटले, तर वाट आता कमलाबाईंच्या वेळेइतकी बिकट राहिलेली नाही. जीवशास्त्र वा रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी., मग एम.एस्सी., नंतर राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन शिष्यवृत्ती, आणि मार्गदर्शकाच्या हाताखाली काही वर्षांचे संशोधन, असा तिचा क्रम आहे. वैद्यकाची पदवी घेऊन मागाहून संशोधनाकडे वळता येते. डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी तसेच केले : परळच्या के.ई.एम. रुग्णालयात १९८६ साली त्यांच्या प्रयत्नांनी परीक्षानळीतील बाळ जन्माला आले, आणि त्याच विषयावरील प्रबंधाला मुंबई विद्यापीठाने डॉक्टरेट दिली. त्या कामात सहभागी असलेली परळची प्रजनन संशोधन संस्था आजही आहे. सिल्वासातही २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. अडचण अंतराची नाही. मुलगी विशीत आली, एम.एस्सी. झाली, की आणखी पाच वर्षे कशाला, हा प्रश्न घरात निघतो. आणि तो प्रश्न रामन यांच्या नकारापेक्षा अधिक चिवट आहे, कारण त्याच्यापुढे सत्याग्रह करणे मुलीला जड जाते.

खुद्द कमलाबाईंनाही पुढे सर्व सुकर झाले असे नाही. संस्थेचे संचालकपद त्यांना मिळावयास हवे त्यापेक्षा काही वर्षे उशिरा मिळाले. निवृत्तीनंतर त्या ग्राहकांच्या चळवळीत शिरल्या आणि अन्नातील भेसळ घरच्या घरी कशी ओळखावी हे गृहिणींना शिकवू लागल्या. १९९८ साली त्या निवर्तल्या.

त्यांचा प्रश्न मात्र जिवंत आहे. १९९३ साली पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळील सहा खेड्यांत गर्भवतींच्या आहाराची पाहणी सुरू केली. शेतात राबणाऱ्या या बायका काय व किती खातात, हे मोजून लिहून ठेवण्यात आले. आगरकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी २००१ साली मांडलेल्या निष्कर्षांत असे दिसले की, ज्या मातांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे अंगाने मोठी निपजली. पुढे असेही आढळले की, या बायकांपैकी पुष्कळजणींत ब-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता होती. मग त्या पाहणीत जन्मलेली मुले-मुली वयात आल्यावर, त्यांचे विवाह होण्यापूर्वीच, त्यांना ब-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग २०१२ च्या सुमारास सुरू झाला. ज्यांची वजने जन्मतःच टिपून ठेवली होती, त्या मुली आता आया झाल्या, आणि त्यांच्या बाळांचीही वजने त्याच तक्त्यांत नोंदली गेली.